न ठेवलेल्या नोंदी : व्हीपीएन कंपन्या आणि सरकार

व्हीपीएन म्हणजे वापरकर्त्याच्या फोनपासून वा संगणकापासून एखाद्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत गेलेला कूटबद्ध मार्ग. इंटरनेटवरची सारी ये-जा त्या मार्गाने होऊ लागली की दोन गोष्टी घडतात. जिओ, एअरटेल किंवा गल्लीतला केबलवाला यांना ग्राहक कोणत्या सर्व्हरशी जोडलेला आहे एवढेच दिसते. तिथून पुढे तो कुठल्या संकेतस्थळावर गेला हे कळत नाही. आणि त्या संकेतस्थळाला ग्राहकाचा आयपी पत्ता न दिसता सर्व्हरचा दिसतो. दोन्ही टोके एका वेळी दिसतात ती फक्त मधल्या कंपनीला. १९९६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने पीपीटीपी हा या तंत्राचा सुरुवातीचा प्रोटोकॉल आकाराला आला, तो कर्मचाऱ्यांना बाहेरून कार्यालयाच्या जाळ्यात शिरता यावे म्हणून. सरकारपासून लपणे हा त्यामागचा हेतू नव्हता. तो अर्थ पुढे बाजाराने दिला आणि यूट्यूबवरच्या जाहिरातींनी फुगवला.

या फुगवलेल्या अर्थात तथ्य किती, यावर तंत्रज्ञ आणि कायद्याचे जाणकार यांचे सहसा जुळत नाही. पुढील संवादात सर्व्हर सांभाळणारा एक अभियंता आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची प्रकरणे चालवणाऱ्या एक वकील या दोन बाजू मांडतात.

अभियंता : मॅडम, जे लिहूनच ठेवलेलं नाही ते कोणतंही सरकार उचलून नेऊ शकत नाही. १८ एप्रिल २०२३ ला स्वीडनच्या पोलिसांचे किमान सहा जण गोथेनबर्गमध्ये मुलवाड या व्हीपीएन कंपनीच्या कार्यालयात झडतीचं वॉरंट घेऊन आले. ग्राहकांची माहिती असलेले संगणक न्यायचे होते. कंपनीनं आपली व्यवस्था कशी चालते ते दाखवलं, पोलीस सरकारी वकिलांशी बोलले आणि हात हलवत परतले. त्या कंपनीकडे ग्राहकाचं नाव नसतं, ईमेलही नसतो. खातं म्हणजे एक आकडा. महिन्याचे पाच युरो पाकिटात घालून टपालानं पाठवले तरी चालतात.

वकील : पण काही न नेण्याचा निर्णय सरकारी वकिलांशी बोलून झाला, हे तुम्हीच सांगितलंत. तिथला कायदा त्या दिवशी कंपनीच्या आड आला नाही. तुम्ही सगळं श्रेय सर्व्हरला देताय.

अभियंता : मग तुर्कस्तान घ्या. डिसेंबर २०१६ मध्ये अंकारात रशियाचे राजदूत आंद्रेई कार्लोव्ह यांची हत्या झाली. मारेकरी जागीच मारला गेला, पण त्याची जीमेल आणि फेसबुकवरची खाती नंतर कुणीतरी पुसली. माग काढत तपास एक्स्प्रेसव्हीपीएनच्या सर्व्हरपर्यंत आला. तुर्की अधिकाऱ्यांनी तो सर्व्हरच जप्त केला. त्यातून काही निघालं नाही. तिथला कायदा कंपनीच्या बाजूचा होता असं तर म्हणणार नाही ना तुम्ही?

वकील : नाही म्हणणार. पण उदाहरणांची यादी तुम्हाला सोयीची तिथे थांबते. २०११ मध्ये सोनी पिक्चर्सवरच्या सायबर हल्ल्याचा तपास ब्रिटनमधल्या हाइडमायॲस या कंपनीपर्यंत पोचला. न्यायालयाचा आदेश आला, कंपनीनं नोंदी दिल्या, अमेरिकेत एका तरुणाला अटक झाली. ही कंपनी जोडणीच्या नोंदी ठेवते हे निदान तिच्या अटींमध्ये होतं. आयपीव्हॅनिश मात्र शून्य नोंदींची जाहिरात करायची. २०१६ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याचं समन्स आलं, तेव्हा आधी 'आमच्याकडे काही नाही' असं उत्तर गेलं. दुसरं समन्स आल्यावर नाव, ईमेल, जोडणीच्या वेळा, आयपी पत्ते असं सगळं बाहेर आलं. इतर ग्राहकांना याचा पत्ता लागला तो दोन वर्षांनी. प्युअरव्हीपीएनही नोंदी नसल्याचं सांगायची. २०१७ मध्ये तिच्याच नोंदींवरून एफबीआयनं एका माणसाचं घर आणि कार्यालय जोडून दाखवलं. यातले गुन्हे गंभीर होते, आरोपींबद्दल कळवळा यावा असं काही नव्हतं. पण कंपनीनं वचन माणूस पाहून दिलेलं नव्हतं.

इथे 'नोंद' म्हणजे नेमके काय हे पाहिल्याशिवाय वाद पुढे जात नाही. एक असते व्यवहाराची नोंद : ग्राहकाने कोणती संकेतस्थळे उघडली, काय उतरवून घेतले. दुसरी जोडणीची नोंद : कोणत्या खात्यावरून, कोणत्या आयपी पत्त्यावरून, किती वाजता जोडणी झाली आणि कधी तुटली. 'आम्ही नोंदी ठेवत नाही' या वाक्यात अनेक कंपन्यांना पहिलीच अभिप्रेत असते, आणि पोलिसांचे काम मात्र दुसरीवर भागते. धमकीचा मजकूर अमुक सर्व्हरवरून अमुक मिनिटाला आला, हे संकेतस्थळ सांगते. त्या मिनिटाला त्या सर्व्हरवर कोण होते, हे जोडणीची नोंद सांगते. एका आयपी पत्त्यामागे शेकडो ग्राहक असतील तर संशयितांची संख्या वाढते, पण तीन-चार वेगवेगळ्या वेळा तपासल्या की ती झपाट्याने घटते.

अभियंता : म्हणूनच चांगल्या कंपन्यांनी सर्व्हरमधून हार्ड डिस्कच काढून टाकली. सगळं रॅमवर चालतं. वीज गेली की सगळं पुसलं जातं. एक्स्प्रेसव्हीपीएननं हे २०१९ मध्ये केलं, मुलवाडनं २०२३ मध्ये पूर्ण केलं. शिवाय पीडब्ल्यूसी, डेलॉइट, केपीएमजी यांच्याकडून तपासणी होते. नुसत्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज उरत नाही.

वकील : तपासणी झाली त्या आठवड्यात नोंदी नव्हत्या, एवढंच त्या अहवालातून कळतं. पुढच्या महिन्यात काय होईल, यावर लेखापरीक्षक सही करत नाही. तुमचं सगळं म्हणणं कालच्या माहितीबद्दल आहे. काल काय साठवलं नाही, हे तुम्ही सिद्ध करता. सरकारचा अधिकार उद्यावर चालतो. 'आजपासून या खात्याची नोंद ठेवा आणि ग्राहकाला सांगू नका' असा आदेश आला, तर रॅम काय करेल?

वकिलांचा हा आक्षेप या विषयाच्या मुळाशी आहे, आणि तो केवळ तर्कातला नाही. अमेरिकेत लॅव्हाबिट नावाची ईमेल सेवा होती. एडवर्ड स्नोडेन तिचा ग्राहक होता. २०१३ च्या उन्हाळ्यात सरकारने तिच्या मालकाकडे, लडार लेव्हिसन यांच्याकडे, सेवेची गुप्त कळ मागितली. ती कळ मिळाली असती तर एकाच नव्हे, सगळ्याच ग्राहकांची वाहतूक उघडता आली असती. लेव्हिसन यांनी ती दिली, पण अकरा कागदांवर, भिंगाशिवाय वाचता न येणाऱ्या टायपात छापून. न्यायालयाला हा विनोद रुचला नाही. रोज पाच हजार डॉलरचा दंड सुरू झाला. शेवटी ८ ऑगस्ट २०१३ ला त्यांनी सेवाच बंद केली, आणि का बंद केली हे सांगायलाही त्यांना बंदी होती. कागदपत्रे खुली झाल्यावर ऑक्टोबरमध्ये जगाला सारा प्रकार कळला.

अभियंता : लॅव्हाबिट व्हीपीएन नव्हती. ईमेलमध्ये पत्र साठवावंच लागतं.

वकील : गुप्त कळ दोन्हींकडे असते. बरं, स्वित्झर्लंड पाहा, जिथल्या कायद्याचं सगळे गोडवे गातात. प्रोटॉनची ईमेल सेवा आयपी पत्त्यांची नोंद ठेवत नसे. २०२१ मध्ये फ्रान्सच्या पोलिसांनी युरोपोलमार्फत विनंती केली, स्विस अधिकाऱ्यांनी आदेश काढला, आणि पॅरिसमधल्या एका हवामान आंदोलकाच्या खात्यावर कंपनीला त्या दिवसापासून नोंद ठेवावी लागली. आंदोलक म्हणजे काही दहशतवादी नव्हे.

अभियंता : त्याच वेळी कंपनीनं हेही स्पष्ट केलं होतं की स्विस कायद्यानुसार तसा आदेश तिच्या व्हीपीएनला देता येत नाही.

वकील : म्हणजे व्हीपीएनचा ग्राहक वाचला तो कलमामुळे. कलम बदलता येतं. आपल्याकडे २०२२ मध्ये तेच झालं.

भारतातले २०२२ चे प्रकरण या वादाला सर्वांत जवळचे आहे. सायबर सुरक्षेच्या घटना हाताळणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-ब खाली निर्देश काढले. त्यातल्या सहा तासांत घटना कळवण्याच्या अटीची चर्चा उद्योगात अधिक झाली, पण व्हीपीएन कंपन्यांना गळफास होती ती वेगळी अट. ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, ईमेल, नोंदणीच्या वेळचा आयपी पत्ता, दिलेले आयपी पत्ते, सेवा कधीपासून कधीपर्यंत घेतली आणि कशासाठी घेतली, हे सगळे जमवून ग्राहक सोडून गेल्यावरही पाच वर्षे जपायचे होते. 'व्हीपीएन कशासाठी हवे' हा रकाना ग्राहकाने प्रामाणिकपणे भरावा, ही अपेक्षा कोणत्या अनुभवातून आली असावी, हे निर्देशात लिहिलेले नाही. मे महिन्यात निघालेल्या खुलाशाने कंपन्यांच्या अंतर्गत वापराच्या व्हीपीएनला यातून वगळले, आणि भारतात कार्यालय असो वा नसो, भारतीय ग्राहकांना सेवा देणाऱ्या सर्वांना हे लागू असल्याचे सांगितले. तेव्हाचे राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी नियम पाळायचे नसतील तर भारतातून बाहेर पडावे, असे जाहीरपणे सुनावले.

कंपन्या बाहेर पडल्या. जून २०२२ मध्ये एक्स्प्रेसव्हीपीएनने भारतातले सर्व्हर काढले. सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन पाठोपाठ गेले. व्हीपीएनसाठीची मुदत २५ सप्टेंबरपर्यंत वाढली, तोवर प्रोटॉननेही सर्व्हर हलवले होते. भारतीय ग्राहकांना मात्र कोणी सोडले नाही. सिंगापूर वा ब्रिटनमध्ये ठेवलेल्या सर्व्हरना भारतातले वाटणारे आयपी पत्ते देऊन सेवा चालू राहिली.

अभियंता : आणि यात जिंकलं कोण? सरकारला हव्या होत्या नोंदी. हाती आले रिकामे रॅक. पुण्यातला माणूस आज सिंगापूरच्या सर्व्हरवरून भारतीय पत्ता घेऊन फिरतो, आणि सर्ट-इनला त्याचं नाव विचारायचं तर परदेशी सरकारचं दार ठोठावावं लागतं. तंत्रज्ञानानं कायद्याला वळसा घातला.

वकील : वळसा घातला तो भूगोलानं. कंपनीची माणसं आणि यंत्रं सरकारच्या हाताबाहेर गेली म्हणून ती वाचली. ज्या छोट्या भारतीय कंपनीला सिंगापूरला जाणं परवडत नाही, तिनं काय करायचं? कलम ७०-ब मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद आहे. कलम ६९ खाली मदत नाकारली तर सात वर्षांपर्यंत. तुमचं न ठेवलेल्या नोंदीचं तत्त्व भारतात राहून पाळणं हाच आता नियमभंग आहे. आणि ग्राहक तर इथेच राहतो ना?

ग्राहक इथेच राहतो, या तीन शब्दांत बरेच काही आहे. कंपनीने काहीच दिले नाही तरी सरकारकडे इतर वाटा असतात, आणि त्या कंपनीच्या दारावरून जातच नाहीत.

पहिली वाट बाहेरून पाहण्याची. कूटबद्ध मार्गात काय आहे ते दिसले नाही तरी किती आहे आणि केव्हा गेले, ते दिसते. सर्व्हरमध्ये शिरलेला आणि त्याच क्षणी बाहेर पडलेला तेवढाच प्रवाह जुळवला की मधला पडदा निरुपयोगी होतो. डेटा सेंटर आणि मोठे दूरसंचार वाहक अशा प्रवाहांच्या नोंदी आपापल्या कामासाठी ठेवतातच; व्हीपीएन कंपनीने काही ठेवले नाही तरी तिला जागा भाड्याने देणारा ठेवू शकतो. अमेरिकेत लष्करी यंत्रणा अशा नोंदी खासगी कंपनीकडून विकत घेत असल्याचा मुद्दा २०२२ मध्ये सिनेटर रॉन वायडन यांनी चौकशीसाठी पुढे आणला. वॉरंटची गरजच पडली नाही, पावती पुरली. कधी कधी जुळवाजुळवही लागत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये परीक्षा टाळण्यासाठी हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने बॉम्बची खोटी धमकी पाठवली, तीही व्हीपीएनहून कितीतरी भक्कम असलेल्या टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यातून. तपासकांनी टॉर फोडले नाही. त्या वेळी विद्यापीठाच्या जाळ्यावरून टॉर कोण वापरत होते, एवढेच पाहिले.

दुसरी वाट गणिताची, आणि ती आता अरुंद झाली आहे. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका गटाने दाखवले की १०२४ बिटांची एकच सर्रास वापरली जाणारी मूळ संख्या एखाद्या बलाढ्य देशाने आधीच सोडवून ठेवली, तर आयपीसेक पद्धतीच्या सुमारे दोन तृतीयांश व्हीपीएन सर्व्हरवर गुपचूप कान ठेवता येईल. वायरगार्डसारख्या नव्या प्रोटोकॉलला हा दोष लागू नाही; मार्च २०२० मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला.

तिसरी वाट फोनची. पेगाससच्या जातीचे हेरगिरीचे साधन फोनमध्ये शिरले की मजकूर कूटबद्ध होण्याआधीच वाचला जातो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये नेमलेल्या समितीकडे आलेल्या २९ फोनपैकी पाचांत काहीतरी घातक सॉफ्टवेअर सापडले. ते पेगासस होते असे समितीला ठामपणे म्हणता आले नाही. ते काहीही असो, अशा फोनवर कोणत्याही देशातली व्हीपीएन सेवा घेतली तरी फरक पडत नाही.

अभियंता : ही सगळी हत्यारं महागडी आहेत, मॅडम. सरकार ती दहा-वीस माणसांवर वापरेल. लाखो लोकांवर सरसकट नजर ठेवायची तर स्वस्त मार्ग एकच, इंटरनेट पुरवठादाराच्या नोंदी. तो व्हीपीएननं बंद होतो. हे काही कमी नाही.

वकील : नाही, कमी नाही. पण सरसकट नजरेवर सरकारचं स्वस्त उत्तर वेगळंच आहे. ते डोकावत नाही, दार बंद करतं. काश्मीरमध्ये जानेवारी २०२० मध्ये टूजी पुन्हा सुरू झालं ते मोजक्या मंजूर संकेतस्थळांपुरतं. लोक व्हीपीएन घेऊन समाजमाध्यमांवर आले, तेव्हा फेब्रुवारीत पोलिसांनी यूएपीएखाली गुन्हा नोंदवला. कोण काय पाहत होतं हे शोधण्याआधी व्हीपीएन वापरणं हेच संशयाचं कारण झालं. रशियानं २०१९ मध्ये दहा व्हीपीएन कंपन्यांना सरकारी काळ्या यादीशी जोडून घ्यायला सांगितलं. होकार दिला तो कॅस्परस्कीनं, म्हणजे घरच्याच कंपनीनं. मग कंपन्यांना सोडून ॲपच्या दुकानाकडे मोर्चा वळला. ॲपलनं चीनमध्ये २०१७ ला आणि रशियात २०२४ ला व्हीपीएन ॲप काढली. आपल्याकडे २०२५ च्या सुरुवातीला गृह मंत्रालयाच्या आदेशावरून ॲपल आणि गूगलनं तेच केलं. न ठेवलेल्या नोंदीचा तिथे काय उपयोग?

या बाजूने अभियंत्याकडे फारसे उत्तर नाही, आणि तसे ते कुणाकडेच नाही. खासगीपणाचे रक्षण करणारे साधन वापरता येणे हा खासगीपणाच्या आधीचा प्रश्न आहे. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणाला मूलभूत हक्काचा दर्जा दिला, पण त्या हक्कासाठी कोणते साधन हाती ठेवता येईल, याबद्दल भारतातला कायदा अजून धूसर आहे.

कंपन्यांच्या मालकीबद्दलही दोघांत मतभेद उरत नाही. फेसबुकने २०१३ मध्ये ओनावो ही कंपनी घेऊन लोकांना 'संरक्षण' म्हणून मोफत व्हीपीएन दिले आणि त्यातून कोणती ॲप किती वापरली जातात याची माहिती गोळा केली. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने त्यापायी दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. मे २०२४ मध्ये अमेरिकेने मोडलेले ९११ एस५ हे जाळे मोफत व्हीपीएनच्या आमिषानेच पसरले होते, त्यात १.९ कोटी आयपी पत्ते अडकले होते. पैसे मोजून घेतलेल्या सेवेतही गुंता आहेच. पूर्वी क्रॉसरायडर नावाने जाहिराती घुसवणाऱ्या सॉफ्टवेअरशी जोडली गेलेली केप टेक्नॉलॉजीज ही कंपनी आज सायबरघोस्ट, प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस आणि एक्स्प्रेसव्हीपीएन यांची मालक आहे. व्हीपीएनची तुलना करून क्रमवारी लावणारी काही संकेतस्थळेही तिने विकत घेतली. २०२१ मध्ये ९३.६ कोटी डॉलरला एक्स्प्रेसव्हीपीएनचा व्यवहार जाहीर झाला त्याच आठवड्यात त्या कंपनीच्या मुख्य माहिती अधिकाऱ्याने अमेरिकी न्याय खात्याशी तडजोड केल्याचे उघड झाले. त्याने पूर्वी संयुक्त अरब अमिरातीसाठी हॅकिंगचे काम केले होते. सरकारपासून वाचवण्याचे आश्वासन देणाऱ्या घरात सरकारसाठी पाळत ठेवणारा माणूस वरच्या खुर्चीवर असू शकतो, हे ग्राहकाला कोणत्याही लेखापरीक्षणातून कळले नसते.

अभियंता : म्हणून मी अलीकडे एका कंपनीवर सगळा भार टाकायला सांगत नाही. माहिती फोडून ठेवावी. टॉरमध्ये तीन मुक्काम असतात. पहिल्याला माणूस कळतो, शेवटच्याला संकेतस्थळ, आणि दोन्ही एकालाही कळत नाही. ॲपलनं २०२१ मध्ये प्रायव्हेट रिले आणलं, त्यात पहिला मुक्काम ॲपलचा आणि दुसरा क्लाउडफ्लेअर, अकामाई अशा वेगळ्या कंपनीचा. एका कंपनीला आदेश दिला तर अर्धंच हाती लागतं.

वकील : ॲपल आणि क्लाउडफ्लेअर दोन्ही अमेरिकेतल्या. एकच न्यायाधीश दोघांना आदेश देऊ शकतो.

अभियंता : मग दोन मुक्काम दोन देशांत ठेवा.

वकील : हे पटतं. मग तपास यंत्रणेला परस्पर कायदेशीर साहाय्याच्या कराराखाली दोन ठिकाणी अर्ज करावे लागतील. त्यात महिनोन् महिने जातात, आणि तोवर न साठवलेली माहिती खरोखरच उरलेली नसते. पण तुमच्या ग्राहकानं त्याच ब्राउझरमध्ये आपल्या नावाचं जीमेल उघडं ठेवलं आणि व्हीपीएनचे पैसे आपल्या क्रेडिट कार्डानं भरले, तर मी त्याच्या बँकेला पत्र लिहीन.

अभियंता : कार्डाच्या बिलावरून त्यानं व्हीपीएन घेतलं एवढंच कळेल. त्यावरून काय केलं, हे नाही.

वकील : खटल्यात तेवढं पुरत नाही, खरं आहे. फोन जप्त करायला मात्र पुरतं.